पदवी हाती, काम नाही : हिंगणा मार्गावरचा प्रश्न आणि आपली दुकाने

नागपूरहून हिंगण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर कॉलेजेही आहेत आणि कारखानेही आहेत. वानाडोंगरीला १९८४ साली यशवंतराव चव्हाण अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. त्यानंतर डिगडोहच्या टेकड्यांकडे आणखी कॉलेजे आली. त्याच रस्त्याला लागून एम.आय.डी.सी.ची वसाहत आहे. तेथे महिंद्राच्या ट्रॅक्टर कारखान्यापासून चार माणसांच्या वर्कशॉपपर्यंत सर्व तऱ्हेचे काम चालते. जानेवारी २०२० मध्ये मेट्रोही लोकमान्य नगरपर्यंत आली. कॉलेजच्या फाटकापासून कारखान्याच्या फाटकापर्यंतचे अंतर फार तर काही किलोमीटरचे आहे. परंतु तेवढे अंतर कापायला आपल्या मुलांना दोन-दोन, तीन-तीन वर्षे लागतात आणि कित्येक जण मध्येच हिंमत सोडतात. असे का होते आणि त्यात आपण व्यापारी लोक काय करू शकतो, याचा येथे विचार करू.

प्रथम हे समजून घ्यावे की हा प्रश्न एकट्या हिंगण्याचा किंवा एकट्या आपल्या समाजाचा नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना व दिल्लीची मानव विकास संस्था यांनी २०२४ साली भारतातील रोजगारावर एक अहवाल काढला. त्यानुसार २०२२ मध्ये लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत बेकारी ३.४ टक्के होती, तर पदवीधर तरुणांत ती २९.१ टक्के होती. म्हणजे शिकलेला जास्त बेकार! याचा अर्थ शिक्षण वाईट असा नव्हे. ज्याच्या घरी संध्याकाळची चूल पेटायची चिंता आहे, तो मिळेल ते काम उचलतो. त्याला बेकार राहणेच परवडत नाही. पदवीधर मात्र वाट पाहतो, कारण पदवीसाठी बापाने कर्ज काढलेले असते आणि हमालीच करायची होती तर शिकलो कशाला, हा त्याचा सवाल असतो. सवाल चुकीचा नाही. पण वाट पाहण्याला काही हद्द असली पाहिजे.

एक काळ असा होता की नागपुरात पदवीविना पक्की नोकरी मिळत असे. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली. अशा मिलमध्ये हात चालणारा माणूस कामाला लागला की घर उभे राहत असे. ती मिल २००२ साली कायमची बंद झाली. आज कारखान्यांत बरेचसे साधे काम ठेकेदारामार्फत होते. दहावी नापास मुलाला आणि बी.ए. झालेल्या मुलाला ठेकेदार एकच मजुरी देतो. दुसरीकडे पक्क्या जागेसाठी गेले की पहिला प्रश्न येतो, "अनुभव किती?" अनुभव कामावर ठेवल्याशिवाय येत नाही आणि अनुभवाशिवाय कामावर ठेवत नाहीत. या चक्रात आपला पदवीधर अडकलेला आहे.

यात समाजाचे जे नुकसान होते ते एका मुलाच्या पगारापुरते नाही. थोरला भाऊ बी.कॉम. होऊन घरी बसलेला दिसला की बाप धाकट्याला नववीतून काढून गॅरेजवर किंवा दुकानावर बसवतो. शेजारी म्हणतात, "शिकून काय मिळाले?" एक बेकार पदवीधर पूर्ण गल्लीच्या तालीमीवर पाणी फिरवतो. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात नमूद आहे की वीस वर्षांवरील मुसलमानांत पदवीधर चार टक्क्यांहूनही कमी होते. शिकून चीज होत नाही ही भावनाही मुले शाळेतून निघण्याचे एक कारण असल्याचे त्यात आले आहे. सबब, पदवीधराला काम लावणे म्हणजे त्याच्या मागच्या दहा मुलांना शाळेत टिकवणे होय.

आता उपायाकडे वळू. अनुभवाचे चक्र तोडण्याचा एक कायदेशीर मार्ग आहे, तो म्हणजे शिकाऊ उमेदवारी. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली पूर्वी आय.टी.आय.वाले आणि इंजिनिअर घेतले जात. २०१४ च्या दुरुस्तीने बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. यांनाही दार उघडले. ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. २०१९ च्या नियमांनी पदवीधराला महिना किमान ९,००० रुपये विद्यावेतन ठरवून दिले. केंद्र सरकारच्या नॅट्स योजनेत नोंद झालेल्या उमेदवाराच्या किमान विद्यावेतनाचा निम्मा भाग सरकार उचलते. मुदत साधारण एक वर्षाची असते आणि शेवटी प्रमाणपत्र मिळते. हेच प्रमाणपत्र "अनुभव किती?" या प्रश्नाचे पहिले उत्तर ठरते.

मात्र यातही डोळे उघडे ठेवावेत. शिकाऊ उमेदवार हा नोकर नव्हे. वर्ष संपल्यावर त्याला कायम करण्याचे बंधन मालकावर नसते. काही ठिकाणी त्याला स्वस्त मजूर समजून वर्षभर पेट्या उचलायला लावतात. म्हणून रुजू होण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात : खाते कोणते, शिकवणारा कोण, आणि करारनामा नोंदवला आहे काय? स्टोअर, खरेदी, हिशोब, तपासणी अशा खात्यांत वर्ष काढले तर पुढे उपयोग होतो. नुसत्या गेटवर बसून काढलेले वर्ष वाया जाते.

दुसरी गोष्ट, पदवीला जोड हवी. आपल्या कापडाच्या धंद्याचेच उदाहरण घ्या. बी.कॉम. झालेल्या मुलाला ताळेबंदाची व्याख्या पाठ असते, पण रोजमेळ आणि खतावणी जुळवायला दिली की घाम फुटतो. १ जुलै २०१७ ला जी.एस.टी. आला आणि हिशोबाची रीतच बदलली. महिन्याचे विवरण भरणाऱ्याला विक्रीचे पत्रक ११ तारखेपर्यंत आणि कराचे विवरण २० तारखेपर्यंत द्यावे लागते. आपण विक्रीचे पत्रक वेळेवर भरले नाही तर समोरच्या गिऱ्हाइकाला भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, आणि दोनदा असे झाले की तो दुसऱ्या पेढीकडे जातो. दरही बदलत राहतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर ५ टक्के आणि त्यावरच्या किमतीच्या कपड्यावर १८ टक्के कर झाला. ज्या मुलाला हे कळते, टॅलीवर नोंद करता येते, मराठीत व हिंदीत पत्र लिहिता येते आणि वसुलीसाठी अदबीने फोन करता येतो, तो कोणत्याही पेढीवर फार दिवस रिकामा राहणार नाही. ही जोड काही महिन्यांत शिकता येते. हे काम बैठे आहे, त्यामुळे घरातल्या शिकलेल्या मुलींनाही ते करता येते. त्यांच्या पदव्या पेटीत का ठेवाव्यात?

आता थोडे कटू बोलतो. बाहेरच्या मालकांकडे बोट दाखवण्यापूर्वी आपण आपल्या दुकानात पाहावे. आपल्यापैकी कितीजण पदवीधराला हिशोबावर ठेवतात? आपल्याला भाच्याने वा पुतण्याने गल्ला सांभाळलेला चालतो, त्याला पगाराची तारीख नसते, "घरचाच आहे" म्हणून नेमणुकीचा कागदही नसतो. मग शेजारचा शिकलेला मुलगा विचारायला आला की आपण म्हणतो, "आमच्याकडे तुझ्यालायक काम नाही." काम असते, पण ते काम म्हणून मांडण्याची आपली तयारी नसते.

पवित्र कुरआनातील सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी व लिहिणाऱ्याने न्यायाने लिहिण्याविषयी आहे, हे आपण सर्व जाणतो. म्हणजे दीनमध्ये लिहिणाऱ्याचा मान इतका मोठा आहे! आणि आपण त्या लिहिणाऱ्याची जागाच दुकानातून काढून टाकली. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी हजरत खदीजा (रजि.) यांची तिजारत सांभाळली, ती सचोटी पाहून सोपवलेली होती. काम पात्रता पाहून सोपवणे ही आपली जुनी रीत आहे.

म्हणून व्यापारी बंधूंना माझी सूचना अशी. ज्यांच्याकडे ४ ते २९ माणसे आहेत त्यांनाही कायद्याने शिकाऊ उमेदवार घेण्याची मुभा आहे, सक्ती नाही. दरवर्षी एक पदवीधर घ्यावा. त्याला कागदावर नेमावे, कामाचे तास व सुट्टी ठरवावी, ठरल्या तारखेला पैसे द्यावेत आणि वर्षअखेर काय शिकला हे लिहून द्यावे. तो पुढे हिंगण्याच्या कारखान्यात गेला तरी वाईट वाटून घेऊ नये. कारागीर बंधूंनीही माप, नमुना व ऑर्डर लिहून ठेवायला एखादा शिकलेला मुलगा चार-पाच जणांत मिळून ठेवावा.

तरुणांना इतकेच सांगणे आहे की सरकारी परीक्षा जरूर द्या, पण किती वर्षे देणार ते आधी ठरवा आणि त्या काळात हात रिकामा ठेवू नका. पहिले काम पदवीच्या तोलाचे नसेल. ते रोजी हलाल आहे काय आणि त्यातून पुढचे काम शिकता येते काय, हे दोन सवाल विचारा. दोन्हींचे उत्तर होकारार्थी असेल तर ते काम योग्य समजावे. जेथे नुसते हात वापरले जातात आणि डोके गंजते, तेथे मात्र मुदत ठरवूनच थांबावे.

अल्लाह आपल्या मुलांच्या इल्ममध्ये आणि आपल्या रोजीत बरकत देवो. आमीन.