हवामान कोळ्यांचं काय ठरवतं?

आजचा विषय कोळी. मासे पकडणारे नव्हेत, आठ पायांचे! जगात त्यांच्या पन्नास हजारांहून अधिक जातींची नोंद झालेली आहे. अंटार्क्टिकाची मुख्य भूमी सोडली तर ते सर्व खंडांवर आहेत. मात्र त्यांची वाटणी सारखी नाही. ध्रुवांकडून विषुववृत्ताकडे यावं, तशा जाती वाढत जातात. याचं कारण विचारलं की उत्तर तयार असतं: हवामान. मी तत्त्वज्ञानाचा माणूस, त्यामुळे माझी अडचण पुढे सुरू होते. हवामान ‘ठरवतं’ म्हणजे नेमकं काय करतं?

पहिली गोष्ट सरळ आहे. कोळी आपल्या शरीराची उष्णता स्वतः राखू शकत नाही. त्याची वाढ, शिकार, अंडी घालणं, सगळं भोवतालच्या तापमानावर अवलंबून. पण म्हणून ‘ऊब जास्त तितके कोळी जास्त’ असा नियम करून टाकू नका. उडी मारणाऱ्या कोळ्यांचं कुल उष्ण प्रदेशात बहरतं, हे खरं. उलट लिनिफिइडी नावाचं बारीक कोळ्यांचं कुल उत्तरेच्या थंड प्रदेशात सर्वांत संपन्न आहे. ब्रिटनमध्ये साडेसहाशेच्या वर जाती आहेत, त्यांतल्या जवळपास ४० टक्के याच कुलातल्या! पालापाचोळ्यात, शेवाळात, बर्फाच्या थराखालीही त्यांचं चालतं.

दुसरी गोष्ट, हवामानाचा मोठा भाग आडवळणाने काम करतो. आपला सातारा जिल्हा घ्या. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्याच जिल्ह्यात माण तालुक्यात जेमतेम पाचशे. पाऊस कोळ्याला थेट काही देत नाही. तो झाडी देतो, झाडी जाळं बांधायला आधार देते, सावली आणि ओल देते, आणि कीटकही देते. म्हणजे कोळ्यापर्यंत हवामान पोचतं ते बरंचसं वनस्पतींच्या हातून. पाऊस तोच राहिला आणि झाडी तोडली, तर हवामानाच्या नकाशात काही दिसणार नाही. कोळी मात्र गेलेले असतील.

आता युरोपातलं एक उदाहरण बघू. आर्जिओपे ब्रुएनिची हा पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा कोळी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो मुख्यतः भूमध्य सागराच्या परिसरात होता. पुढे तो उत्तरेला सरकत बाल्टिक देश आणि स्कँडिनेव्हियापर्यंत पोचला. तापमान वाढलं, कोळी सरकला, विषय संपला? नाही. २०१३ साली क्रेहेनविंकेल आणि टाउट्झ यांनी दाखवलं, की पूर्वी अलग असलेल्या समूहांचा संकर झाला आणि उत्तरेकडचे कोळी थंडी अधिक सोसू लागले. म्हणजे उबेनं दार उघडलं. आत राहण्याची ताकद त्या वंशानं कमावली. तर्कशास्त्रात आपण आवश्यक अट आणि पर्याप्त कारण असा भेद करतो ना, तो इथे जमिनीवर उतरलेला दिसतो.

शेवटी एक सावधगिरी. भारतातल्या नोंदलेल्या जाती दोन हजारांच्या आसपास. ब्रिटनच्या कितीतरी पट मोठा देश, हिमालयापासून सह्याद्रीपर्यंत सगळी हवामानं, आणि आकडा फक्त तिप्पट? ब्रिटनमध्ये हौशी निसर्ग-अभ्यासकांनी पिढ्यान्‌पिढ्या गवत झाडून काढलंय. तेव्हा नकाशावर कोळी किती आणि कोळी शोधणारे किती, हे आधी वेगळं करावं लागतं.

हा नुसता बुद्धीचा खेळ नाही, बरं का. हवामान आज बदलतंय. काय होतं याची नोंदच नसेल, तर काय गेलं हे उद्या कुणालाच सांगता येणार नाही. आणि जे गेल्याचं कळलंच नाही, त्याची जबाबदारीही कुणी घेणार नाही. म्हणून घरातली कोळिष्टकं खुशाल झाडा, पण आवारातल्या कुंपणावरचं जाळं एकदा थांबून बघा. तारीख आणि जागा लिहून ठेवा, फोटो काढा. मोजणी अशीच सुरू होते.

आता प्रश्न विचारा.