दोन छाटण्या, एक पीक

नगरहून नेवाशामार्गे दौलताबादला गेलो, की गड चढण्याआधी मी पायथ्याशी थोडा वेळ बसतो. गुडघे हे एक कारण. दुसरे कारण द्राक्षे.

चौदाव्या शतकात, महंमद तुघलकाच्या अमदानीत, मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता इथे आला होता. इथली द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा येतात, असे त्याने नोंदवून ठेवले आहे. पुढे १४९९ साली नगरच्या मलिक अहमद निजामशहाने हा डोंगर घेतला आणि तो १६३३ पर्यंत निजामशाहीत राहिला. तेव्हा सव्वाशेहून अधिक वर्षे ही द्राक्षे आमचीच होती, असे म्हणायला हरकत नाही. (नगरकरांना असा हक्क सांगायला आवडतो!)

बतूताचे ते वाक्य डोक्यात घेऊनच मी पंचविशीत राहात्याकडच्या एका शाखेत शेतीकर्जाच्या टेबलावर बसलो. एका बागाईतदाराला विचारले, ''दोन पिके येतात, मग तुम्ही एकच का घेता?''

''साहेब, पावसाळ्यात घड धरले तर ते आम्ही खायचे, का डाऊनीने?''

मग त्याने बांधावर बसवून समजावले. थंड देशात द्राक्षवेल हिवाळ्यात झोपते. आपल्याकडे तिला झोपच नाही. म्हणून छाटण्या दोन. एप्रिलमध्ये खरड छाटणी. नव्या काड्या फुटतात आणि पुढच्या दोनेक महिन्यांत त्यांच्या डोळ्यांत घड तयार होतो, बाहेरून न दिसता. ऑक्टोबरच्या गोड छाटणीनंतर तो बाहेर पडतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये माल.

मी मान डोलावली. टेबलावर परत येऊन मात्र त्याच्या अर्जावर शेरा मारला : 'एप्रिल छाटणीतून उत्पन्न नाही', आणि तेवढी रक्कम कापली.

त्याने शेणखत कमी केले, मजूर कमी केले. फुटव्यांची विरळणी राहून गेली, डोळ्यांवर ऊन पडले नाही. ऑक्टोबरनंतर बाग हिरवीगार फुटली. तो मला ओळीओळीने घेऊन फिरला. एकेक काडी उचलून दाखवायचा; बहुतेकींवर घडच नव्हता. तोंडातून शब्द काढला नाही.

ते कर्ज त्याने दोन गाई विकून मुदतीत फेडले. पुढच्या एप्रिलमध्ये मीच अर्ज घेऊन त्याच्या बागेत गेलो. पूर्ण रक्कम भरलेली होती. त्याने सही केली आणि विचारले, ''साहेब, तो तुमचा प्रवासी दौलताबादेत कोणत्या महिन्यात उतरला होता?''