आयसीयूमध्ये पायाची सोनोग्राफी कशासाठी करतात?

गेल्या वर्षी बाबा व्हेंटिलेटरवर होते. सहाव्या दिवशी डॉक्टर सोनोग्राफीचं छोटं मशीन घेऊन आले आणि प्रोब ठेवला तो थेट जांघेत! मी विचारलं, "पायात काय बघताय?" ते म्हणाले, "रक्ताची गुठळी."

बरेच दिवस न हलता पडून राहिलं की पायाच्या खोल शिरांमध्ये रक्त साकळू शकतं. ती गुठळी सुटून फुफ्फुसात अडकली तर जीवावर बेततं. आणि गुंगीतला पेशंट "पाय दुखतोय" असं सांगूही शकत नाही.

तपासणीची युक्ती सोपी आहे. स्क्रीनवर शीर आणि धमनी शेजारी-शेजारी काळ्या गोलांसारखी दिसतात. प्रोबने दाबलं की निरोगी शीर पूर्ण मिटते, धमनी उघडी राहते. शीर मिटलीच नाही, तर आत गुठळी आहे असं समजायचं. ताजी गुठळीही काळी दिसू शकते, त्यामुळे नुसतं बघून भागत नाही. जांघ आणि गुडघ्याची मागची बाजू तपासायला काही मिनिटं पुरतात, पेशंटला बेडवरून हलवावंही लागत नाही.

पोटरीतली छोटी गुठळी मात्र यात सुटू शकते, म्हणून संशय असेल तर आठवड्याभरात पुन्हा तपासतात.

बाबांची उजव्या गुडघ्यामागची शीर मिटली नाही. त्याच संध्याकाळी रक्त पातळ ठेवणारं हेपरिन सुरू झालं.