सूत ज्याच्या हाती, बाजार त्याच्या हाती
महासंगणकांच्या जागतिक चढाओढीतून व्यापाऱ्याने काय घ्यावे?

१९९७ साली अमेरिकेने एका जपानी मालावर ४५४ टक्के अँटी डम्पिंग ड्युटी लावली. सुताच्या आणि कापडाच्या आयातीवरील ड्युटीचे तंटे आपल्या व्यापारी बांधवांना नवीन नाहीत. पण हा आकडा त्यांनाही चकित करील. शंभर रुपयांचा माल दारात येईपर्यंत साडेपाचशेच्या वर गेला, तर तो घेणार कोण? हा माल कापड नव्हता, मोटारही नव्हती. तो होता सुपर कॉम्प्युटर, म्हणजे महासंगणक.

हकीकत अशी. १९९६ साली अमेरिकेच्या कोलोराडो राज्यातील हवामान संशोधन केंद्राने महासंगणक घेण्यासाठी जपानच्या एनईसी कंपनीची निवड केली. तोपर्यंत या धंद्यात अमेरिकेच्या क्रे कंपनीचा दबदबा होता. क्रे कंपनीने तक्रार केली की जपानी लोक खर्चापेक्षा कमी भावाने माल टाकून आमचा बाजार मोडत आहेत. सरकारने ती मान्य केली. एनईसीवर ४५४ टक्के आणि फुजित्सू कंपनीवर १७३ टक्के ड्युटी बसली. सौदा फिसकटला.

आता पुढची गंमत पाहा. २००१ साली याच क्रे कंपनीने एनईसीची यंत्रे अमेरिकेत विकण्याचा करार केला आणि ड्युटी उठवा अशी विनंती स्वतःच केली. २००२ साली एनईसीने जपानमध्ये योकोहामा येथे ‘अर्थ सिम्युलेटर’ उभा केला. जगात पहिल्या नंबरवर असलेल्या अमेरिकन यंत्रापेक्षा तो सुमारे पाच पट वेगवान निघाला आणि २००४ पर्यंत पहिल्या नंबरवर राहिला. ही योजना हवामान आणि पृथ्वीच्या अभ्यासासाठी आधीच आखलेली होती, ड्युटीला उत्तर म्हणून नव्हे. पण एवढे सिद्ध झाले की ड्युटीने गिऱ्हाईक अडवता येते, कारागिराचे कसब अडवता येत नाही.

महासंगणक म्हणजे काय?

साधा संगणक म्हणजे एक माग, असे समजा. माग कितीही वेगाने चालवला तरी त्याला मर्यादा असते. मग कारखानदार काय करतो? शंभर माग लावतो आणि एकच मोठी ऑर्डर वाटून देतो. महासंगणकाचे तसेच आहे. हजारो, लाखो हिशेब करणारे भाग एकाच सवालावर एकाच वेळी कामाला लावायचे आणि त्यांचे धागे एकमेकांत गुंतू न देता उत्तर काढायचे. हे वाटप आणि जुळवणी हेच खरे हुनर आहे.

संगणकाचे आणि आपल्या धंद्याचे जुने नातेही आहे. १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये जॅकार्ड याने भोके पाडलेल्या कार्डांवर नक्षी विणणारा माग बनवला. इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजने आपल्या हिशेबी यंत्राच्या आराखड्यासाठी ही कार्डांची युक्ती त्याच्याकडूनच घेतली.

वेगाचे माप म्हणजे एका सेकंदात किती हिशेब. शंभर कोटी हिशेब म्हणजे एक गिगाफ्लॉप. त्याच्या हजार पट टेराफ्लॉप, त्याच्या हजार पट पेटाफ्लॉप आणि त्याच्याही हजार पट एक्झाफ्लॉप, म्हणजे एकावर अठरा शून्ये. १९९३ पासून वर्षातून दोनदा, जून आणि नोव्हेंबरमध्ये, जगातील ५०० वेगवान यंत्रांची यादी निघते. पहिल्या यादीतले पहिले यंत्र ६० गिगाफ्लॉपच्या आसपास होते. १९९७ मध्ये अमेरिकेने टेराफ्लॉपची हद्द ओलांडली, २००८ मध्ये पेटाफ्लॉपची आणि २०२२ मध्ये ‘फ्रंटियर’ या यंत्राने एक्झाफ्लॉपची.

एवढा खर्च कशासाठी? ‘फ्रंटियर’ सुमारे ६० कोटी डॉलरचे आहे. अमेरिकेने १९९२ नंतर अणुबॉम्बचे स्फोट करून पाहणे थांबवले. तेव्हापासून साठ्यातल्या बॉम्बची तपासणी हिशेबावर चालते. हवामान, तेलाचा शोध, औषधे, विमानाची बनावट आणि आता कृत्रिम बुद्धिमत्ता, ही कामेही याच यंत्रांवर होतात. २०२० च्या कोरोना साथीत जपानच्या ‘फुगाकु’ यंत्रावर खोकल्याचे तुषार हवेत कसे पसरतात याचा हिशेब केला गेला.

पुण्याचा धडा

ज्याला माल मिळत नाही त्याचे काय होते, याचा अनुभव आपल्या देशाने जपानच्याही आधी घेतला. १९८० च्या दशकात भारताने अमेरिकेकडे क्रे कंपनीचे यंत्र मागितले. बंगलोरच्या विज्ञान संस्थेला नकार मिळाला. दिल्लीला फक्त हवामानाच्या कामासाठी, मागितले त्यापेक्षा लहान यंत्र मिळाले. हे यंत्र बॉम्बच्या कामाला लागेल अशी अमेरिकेला शंका होती.

मग १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही सरकारी संस्था निघाली. डॉ. विजय भटकर तिचे प्रमुख होते. तीन वर्षांची मुदत आणि सुमारे ३० कोटी रुपये मिळाले. १९९१ साली ‘परम ८०००’ तयार झाला. एकच जबरदस्त वेगवान यंत्र बनवण्याची ऐपत नव्हती, म्हणून लहान लहान चिप एकत्र जोडून काम करून घेतले. थोडक्यात, एका मोठ्या मागाऐवजी पुष्कळ लहान माग. पुढे ‘परम’ परदेशातही गेला, त्यात रशियाही होता.

पण यात एक बाब आपण व्यापाऱ्यांनी नजरेआड करू नये. ‘परम ८०००’ मधल्या ट्रान्सप्युटर नावाच्या चिप ब्रिटनच्या इनमॉस कंपनीच्या होत्या. विणकर आपला, नक्षी आपली, सूत मात्र परक्याचे. पुढे ट्रान्सप्युटरचा धंदाच मागे पडला, तेव्हा ‘परम’च्या पुढच्या पिढीला अमेरिकन चिपकडे वळावे लागले. ज्या धंद्यात सूत दुसऱ्याचे, तिथे गिरणीचे दार बंद झाले की आपला माग उभा राहतो.

चीनने सूत कातले

हाच सवाल पुढे चीनसमोर आला. २०१० च्या नोव्हेंबरमध्ये चीनचा ‘तियान्हे-१ए’ जगात पहिला आला. २०१३ मध्ये ‘तियान्हे-२’ पहिला आला आणि तीन वर्षे पहिलाच राहिला. पण दोन्ही यंत्रांतल्या मुख्य चिप अमेरिकन होत्या. २०१५ साली अमेरिकेने इंटेल कंपनीला चीनच्या चार महासंगणक केंद्रांना चिप विकण्यास मनाई केली. आधी कापड अडवले होते, आता सूत अडवले.

पुढच्याच वर्षी, जून २०१६ मध्ये, चीनने वूशी शहरात ‘सनवे ताइहूलाइट’ दाखवला. त्याचा वेग ९३ पेटाफ्लॉप होता, आधीच्या पहिल्या यंत्राच्या पावणेतीन पट. आणि चिप चीनने स्वतः घडवलेल्या. चिपवर चीनचे काम कितीतरी वर्षे आधीपासून चालू होते म्हणूनच मनाईच्या वेळी माल तयार निघाला. संकट आल्यावर चरखा शोधायला निघणाऱ्याला असे जमत नाही.

अमेरिकेनेही डाव बदलला. २०१९ मध्ये चीनच्या महासंगणक बनवणाऱ्या कंपन्या आणि संस्थांना काळ्या यादीत टाकले. ऑक्टोबर २०२२ मध्ये तर चिप बनवणाऱ्या यंत्रांच्याच विक्रीवर निर्बंध आणले. म्हणजे कापडानंतर सूत आणि सुतानंतर चाती! त्यानंतर चीनने आपली नवी मोठी यंत्रे या यादीत पाठवणे सोडल्यासारखेच आहे. यादीत नाव दिसले नाही म्हणून गोदाम रिकामे आहे असे समजण्याची चूक शहाणा व्यापारी करणार नाही.

गिरणी एकच

सर्वांत मोठी गोष्ट पुढे आहे. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये पहिल्या नंबरवर आलेला ‘एल कॅपिटान’ अमेरिकेच्या लिव्हरमोर प्रयोगशाळेत आहे. त्याच्या चिपचा आराखडा अमेरिकेच्या एएमडी कंपनीचा आहे. जपानच्या ‘फुगाकु’ची चिप फुजित्सूने आखलेली. जर्मनीच्या युलिश येथील ‘ज्युपिटर’ची चिप एनव्हिडिया कंपनीची. तीन देश, तीन कंपन्या, पण या चिप कातल्या जातात एकाच गिरणीत, तैवानच्या टीएसएमसी कंपनीत. आणि त्या गिरणीतल्या सर्वांत बारीक कामाच्या चात्या, म्हणजे चिपवर नक्षी छापणारी यंत्रे, नेदरलँड्सची एकटी एएसएमएल कंपनी बनवते. बाजारात पहिल्या नंबरचा फलक कोणाच्याही दुकानावर असो, किल्ली कुठे आहे ते यावरून ओळखा.

नमुना आणि लॉट

यादीच्या आकड्यांबद्दलही सावध राहावे. समीकरणांचा एक ठरावीक मोठा सवाल सोडवून हा नंबर ठरतो. आपल्याकडे दलाल नमुना दाखवतो, तो नेहमी झकासच असतो. लॉट उघडल्यावर खरे कळते. प्रत्यक्षातल्या कामाच्या जवळ जाणारी दुसरी एक चाचणी आहे. तिच्यात ९३ पेटाफ्लॉपवाल्या ताइहूलाइटला अर्धा पेटाफ्लॉपही गाठता आला नाही. ४४२ पेटाफ्लॉपचा फुगाकु तिथे १६ वर थांबला, तरीही कित्येक वर्षे त्या चाचणीत तोच पहिला होता. एक चाचणी पाहून सौदा करू नये, हे इथेही लागू पडते.

जपानमध्ये २००९ साली सरकारी खर्चाची छाननी चालू असताना रेन्हो या महिला खासदाराने विचारले होते की, दुसरा नंबर असला तर काय बिघडते? त्यावर मोठा गदारोळ झाला. सवाल गैर नव्हता. पैसा जनतेचा होता. पण जपानने काम सोडले नाही. २०११ मध्ये त्यांचा ‘के’ संगणक पहिला आला आणि ते कसब पुढे फुगाकुच्या कामी आले. नंबर दोन-चार वर्षांत जातो, कसब घरात राहते.

आपण कुठे आहोत?

२००७ मध्ये पुण्यात टाटांच्या कंपनीचा ‘एका’ हा संगणक जगात चौथा आला होता. २०१५ मध्ये सरकारने ४,५०० कोटी रुपयांची राष्ट्रीय महासंगणक योजना मंजूर केली. २०१८ मध्ये पुण्याच्या हवामान संस्थेत ‘प्रत्युष’ बसला, आणि योगायोग असा की तो क्रे कंपनीचाच होता. एके काळी ज्या नावाचे यंत्र नाकारले गेले, तेच बाजारभावाने दारात आले. सप्टेंबर २०२४ मध्ये ‘परम रुद्र’ मालिकेतील तीन यंत्रे पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथे सुरू झाली. त्यांची बांधणी आपल्या देशातली, पण मुख्य चिप अजूनही बाहेरची. पावसाचा अंदाज पाहून शेतकरी कापूस लावतो आणि कापसावर आपल्या सुताचा भाव ठरतो, म्हणून हा विषय आपल्या पेढीपासून दूर नाही.

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीत आज एअरजेट आणि रॅपियर लूम आले आहेत. लूम परदेशचा, त्याचे कंट्रोल कार्डही परदेशचे. कार्ड बिघडले की लूम उभा आणि मालक फोनवर. नवीन लूम घेताना आपण मीटर आणि भाव विचारतो. त्याबरोबर हेही विचारावे की सुटा भाग कुठून येतो, तो देणारा एकच आहे की दोन, आणि दुरुस्ती शिकवणार कोण. कारखान्यातला एखादा हुशार मुलगा इलेक्ट्रॉनिक्स शिकायला पाठवावा आणि त्याचा खर्च मशीनच्या किमतीत धरावा. पुण्याने बंदी आल्यावर तीन वर्षांत यंत्र उभे केले, कारण शिकलेली माणसे देशात होती. यंत्र उधारीवर मिळते. कसबाला उधारी नाही, ते आधी कमवून ठेवावे लागते.