घरचा बंब – ९ : पाचव्या पाहुण्याला गार पाणी

गॅस गीझरमधल्या रबरी पडद्याबद्दल या आठवड्यात लिहीन, असं मी कबूल केलं होतं. पण मधेच दरेकसाहून एका ताईंचं पत्र आलं आणि पडदा मागे पडला. त्यांची अडचण अशी आहे, की गॅस गीझर वापरणाऱ्या निम्म्या घरांत ती येते आणि जवळजवळ प्रत्येक वेळी भलत्याच भागावर तिचा ठपका बसतो.

माघ पौर्णिमेला कचारगडची यात्रा भरते. गोंड समाजाचं हे मोठं श्रद्धास्थान. रेल्वेने येणारे भाविक दरेकसा स्टेशनवर उतरतात आणि पुढे धनेगावकडे, गुहेकडे जातात. यात्रेच्या दिवसांत गावात घरोघरी पाहुणे. ताई लिहितात, “पहिले चार जण कडक पाण्यानं न्हाले. पाचव्याच्या बादलीत गार पाणी. दोन तासांनी मी भांडी घासायला नळ सोडला तर गीझर आपोआप चालू! कारागिरानं सेल बदलले, सेन्सरही नवा टाकला. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तसंच. भाऊ, हे यंत्र माणसं मोजते का?”

आपोआप बिघडतं आणि आपोआप दुरुस्त होतं, तेव्हा बहुतेक वेळा कुठला भाग तुटलेला नसतो. काहीतरी थकतं आणि विश्रांती मिळाली की सावरतं. काय थकतं ते पहाटेच दिसणार होतं, म्हणून आदल्या संध्याकाळच्या गाडीने आमगाव, सालेकसा मागे टाकत दरेकसाला उतरलो. डोंगर आणि जंगलाच्या कुशीतलं गाव. यात्रा सरली तरी पहाटेची थंडी सरली नव्हती.

गीझर मागच्या पडवीत, न्हाणीच्या भिंतीबाहेर लावलेला. हे पाहून आधी बरं वाटलं. पाहुणे नव्हते, म्हणून आम्ही नळ सोडून एकामागून एक बादल्या भरत गेलो. दहा बादल्यांपर्यंत पाणी झकास. मग काचेच्या खिडकीतून जाळ बुटका होताना दिसला. बाराव्या बादलीला तो बर्नरच्या दातांना चिकटल्यासारखा झाला आणि विझला. नळ बंद करून पुन्हा सोडला. टकटक झाली, म्हणजे पाण्याचा जोर आहे, स्विच दाबला जातोय, सेल ठीक आहेत. (टकटकीचा अर्थ तिसऱ्या भागात आला आहे.) जाळ क्षणभर पेटला, सेन्सरच्या कांडीपर्यंत पोचलाच नाही, आणि यंत्राने गॅस तोडला. सेन्सरने त्याचं काम चोख केलं होतं.

ताई म्हणाल्या, “पण गॅस आहे जी! शेगडी पाहा.” शेगडी त्याच सिलिंडरवर होती आणि खरोखर निळीशार पेटली. कारागीर फसला तो इथेच. शेगडी पेटते, म्हणजे गॅस आहे, म्हणजे दोष गीझरचा. तर्क सरळ वाटतो, पण तो दोन जाळांची भूक एकच धरतो. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायचं तर साडेदहा किलोवॅट लागतात. वाया जाणारी उष्णता धरून बर्नरला बारा एक किलोवॅट. शेगडीचा एक बर्नर दीड-दोन किलोवॅटचा. म्हणजे गीझर सहा-सात बर्नर एकदम पेटवल्याइतका गॅस ओढतो, तासाला किलोच्या जवळपास. शेगडीला पुरणारा गॅस गीझरला पुरेलच असं नाही.

मी ताईंना सिलिंडरच्या बुडाला हात लावायला सांगितला. त्यांनी हात चटकन मागे घेतला. तळाच्या चार बोटांपर्यंत दव जमलं होतं आणि त्याच्या वरचं लोखंड कोरडं होतं. इतकी सुबक रेघ मी वर्षानुवर्षं पाहतोय, तरी दर वेळी वाकून बघतो. ती आतल्या द्रवाची पातळी असते.

सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्यूटेन द्रवरूपात असतात. आपण वापरतो ती त्यांची वाफ. वाफ व्हायला उष्णता लागते, आणि ती द्रव आपल्या अंगातून, लोखंडातून, भोवतालच्या हवेतून घेतो. गीझर चालू असताना ही मागणी १०० वॅटच्या दिव्याइतकी, आणि सतत. दुपारी हवा ती सहज पुरवते. पहाटेच्या गार हवेत पुरवठा कमी पडतो, द्रव स्वतःच गार होत जातो. प्रोपेन उणे ४२ अंशांवरही उकळतो, पण साधा ब्यूटेन उणे अर्ध्या अंशावर. द्रव शून्याजवळ गेला की ब्यूटेनच्या वाफेत जोर राहत नाही. त्यातून प्रोपेन आधी उडून जातो, म्हणून संपत आलेल्या सिलिंडरमध्ये ब्यूटेनच जास्त उरतो. दोन तास विश्रांती मिळाली की हवेतली ऊब द्रवात शिरते आणि ताईंची भांडी गरम पाण्याने घासली जातात.

धान मोजायचा काटा घरात होताच. सिलिंडर भरला १९.१ किलो. कड्याखालच्या पट्टीवर रिकाम्याचं वजन १५.८ कोरलेलं. उरला गॅस ३.३ किलो. भरल्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो द्रव असतो. तो जास्त लोखंडाला टेकलेला असतो, जास्त ऊब घेतो, आणि इतका साठा गार व्हायलाही वेळ लागतो. उरलेला चार बोटांचा थर चार आंघोळींत गारठतो.

उपाय खर्चाचा नाही. घरात दोन सिलिंडर असतील तर थंडीत भरलेला गीझरला द्या आणि पाव उरला की तो शेगडीला लावा. शेगडी तो शेवटपर्यंत संपवते. पाहुणे असतील तर दोन-दोन आंघोळींनंतर थोडा वेळ जाऊ द्या. सिलिंडर गार फरशीवर न ठेवता लाकडी पाटावर, उभाच ठेवा. गरम पाणी ओतणं, निखाऱ्याजवळ सरकवणं, आडवा करणं यातलं काहीही करू नका. सिलिंडर आडवा केला तर वाफेऐवजी द्रवच रेग्युलेटरकडे जातो, आणि त्यातून उठणारा मोठा जाळ घरात कुणालाच आवरता येत नाही.

निघताना दुसऱ्या एका घरी चहा झाला. तिथे गीझर न्हाणीच्या आत, आणि थंडी येते म्हणून वरच्या झरोक्यात पोतं कोंबलेलं. मी चहा खाली ठेवला आणि आधी पोतं काढायला लावलं. दहा मिनिटांच्या आंघोळीत गीझर दीडशे ग्रॅमच्या वर गॅस जाळतो, त्याला सुमारे दोन घनमीटर हवा लागते. चार बाय सहा फुटांच्या, आठ फूट उंच न्हाणीत सगळी मिळून साडेपाच घनमीटर हवा. प्राणवायू घटला की जाळ पिवळा पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड बनू लागतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्ताला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त चिकटतो. माणूस मदतीला हाक मारायच्या आतच खाली बसतो. त्या घरातल्या काकाजींनी यंत्र पडवीत हलवायचं कबूल केलं आहे. तोवर बादली भरून घ्यायची, गीझर बंद करायचा, दार उघडून हवा खेळू द्यायची आणि मगच आंघोळीला आत जायचं, असं ठरलं.

ताईंचा निरोप परवा आला. भरलेला सिलिंडर गीझरला लावल्यावर पहाटे सहा जण लागोपाठ न्हाले. काढलेला सेन्सर त्यांनी जपून ठेवलाय, तो चांगलाच आहे.

रबरी पडदा पुढच्या आठवड्यात. तुमच्याकडे जुना, काढलेला पडदा असेल तर टाकू नका. उजेडात धरून ताणून पाहा आणि मधल्या चकतीच्या कडेने सुईएवढं भोक दिसतं का, ते मला कळवा.