मताची कागदी साक्ष

यंत्रात नोंदलेले मत डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याची मतदाराला पाहता येईल अशी नोंद राहावी, या मागणीतून भारतात व्हीव्हीपॅट, म्हणजे मताची चिठ्ठी छापणारे जोडयंत्र, आले आणि सप्टेंबर २०१३ मध्ये नागालँडमधील नोकसेनच्या पोटनिवडणुकीत प्रथम वापरले गेले. बटण दाबल्यावर उमेदवाराचा अनुक्रमांक, नाव व चिन्ह असलेली चिठ्ठी काचेआड सुमारे ७ सेकंद दिसते आणि मग कापली जाऊन बंद कप्प्यात पडते. चिठ्ठ्यांची मोजणी व यंत्राचा आकडा यांत तफावत आढळल्यास नियमानुसार चिठ्ठ्यांची मोजणी ग्राह्य धरली जाते.

खरा प्रश्न आहे तो किती चिठ्ठ्या मोजायच्या हा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या आदेशानुसार लोकसभा निवडणुकीत प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील ५ यंत्रांच्या चिठ्ठ्या, यंत्रे सोडतीने निवडून, मोजल्या जातात. एखाद्या क्षेत्रात ३०० यंत्रे असून त्यांतील ३० सदोष आहेत असे मानले, तर या पाचांत त्यांपैकी एक तरी सापडण्याची शक्यता सुमारे ४१ टक्के, म्हणजे निम्म्याहूनही कमी, ठरते; त्यामुळे निकालातील मताधिक्य जितके कमी तितकी पडताळणी अधिक, हे अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने २०१७ पासून राज्यभर अवलंबिलेले तत्त्व अधिक सयुक्तिक वाटते. सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये फेटाळली, मात्र दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना ५ टक्के यंत्रांची निकालानंतर तपासणी मागण्याची मुभा दिली.