पुन्हा त्याच जागी

काशी-रामेश्वराची यात्रा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. रामेश्वर हे बेट आहे. आगगाडीने तिथे जायचे तर पांबनपाशी समुद्र ओलांडावा लागतो. तिथला जुना पूल १९१४ साली सुरू झाला. गलबते आणि छोटी जहाजे जाऊ देण्यासाठी त्याचा मधला भाग दोन झडपांसारखा उघडत असे आणि त्या झडपा माणसे हाताने दांडे फिरवून उघडत. डिसेंबर २०२२मध्ये त्याच्यावरून गाड्या थांबवण्यात आल्या. शेजारी बांधलेला नवा पूल ६ एप्रिल २०२५ रोजी खुला झाला.

नव्या पुलाची लांबी सुमारे दोन किलोमीटर आहे. त्याचा ७२.५ मीटर लांबीचा एक भाग दोन्ही बाजूंच्या मनोऱ्यांमध्ये सरळ वर उचलला जातो, १७ मीटरपर्यंत. त्याचे वजन सुमारे ६६० टन. एवढे वजन उचलायचे कसे, असा प्रश्न सगळेच विचारतात. त्याचे उत्तर सोपे आहे. विहिरीतून पाणी काढायला आडव्या लाकडाच्या मागच्या टोकाला दगड बांधतात, तसे दोरखंडांच्या दुसऱ्या टोकांना जवळपास तेवढेच वजन लटकवलेले असते. मोटारींना थोडेच बळ लावावे लागते. मला विचाराल तर अवघड प्रश्न वेगळाच आहे. वर गेलेला तो भाग खाली येताना नेमका पूर्वीच्याच जागी कसा बसतो?

नेहमीचा पूल भिंतीसारखा असतो. तो एकदा ओळंब्यात बांधला की झाले. उघडणारा पूल मात्र दारासारखा आहे. पावसाळ्यात फुगलेले दार आपण खांद्याने रेटून लावतो. पुलाच्या बाबतीत तसे चालत नाही. दोन रुळांच्या टोकांमध्ये दोन-चार मिलिमीटरची पायरी राहिली, तरी येणारे प्रत्येक चाक तिच्यावर आदळते. रूळ बाजूला सरकलेला असेल, तर चाक घसरण्याचीही भीती.

रेल्वेच्या नोकरीत मी हा धडा फार लहान कामावर शिकलो. एका नाल्यावरचा तीस मीटरचा जुना गर्डर काढून नवा बसवायचा होता. वाहतूक काही तास बंद ठेवण्याची परवानगी रात्रीची होती. मापे मी स्वतः घेतली होती, भर उन्हात. रात्री गर्डर खाली उतरवला, तर एका टोकाचे बोल्ट भोकांत जाईनात. पाच-सहा मिलिमीटर कमी पडत होते. मी घामाघूम झालो. आमचा मुकादम शांतपणे म्हणाला, "साहेब, उन्हात मोजलंत आणि गारव्यात बसवताय." पोलाद उन्हाने वाढते, हे मी पुस्तकात वाचले होते. त्याला ते हाताने ठाऊक होते. भोके वाढवून घ्यावी लागली, पहाटेची पॅसेंजर उशिरा सुटली आणि मला बोलणी खावी लागली. ती रास्तच होती.

आता तोच हिशेब पांबनला लावा. ७२.५ मीटरचा पोलादी भाग तापमानात २० अंशांचा फरक पडला, तर सुमारे साडेसतरा मिलिमीटरने लांबतो किंवा आखडतो. हे कोणालाही थांबवता येत नाही. म्हणून अशा पुलांचे एक टोक जागी धरून ठेवतात आणि दुसऱ्याला सरकायला वाव देतात. त्या टोकाला रूळही तिरके कापून एकमेकांशेजारून सरकतील असे जोडतात. खाली येणारा भाग मनोऱ्यांवरच्या मार्गदर्शक पट्ट्यांमधून उतरतो आणि शेवटच्या टप्प्यात निमुळता खुंटा खोबणीत शिरून त्याला मध्यावर आणतो. चारही कोपरे बरोबरीने उतरावे लागतात. एक जरी मागे राहिला, तरी सबंध सांगाडा तिरका होऊन अडकतो. उद्‌घाटनाच्याच दिवशी नव्या पुलाचा भाग खाली येताना अडल्याच्या बातम्या आल्या होत्या. अनेकांनी नावे ठेवली. मला त्यात या कामाची जात दिसली. भाग जागेवर बसला, कुलपे लागली, याची खूण मिळाल्याखेरीज गाडीला सिग्नल द्यायचा नाही, हा अशा पुलांचा पहिला नियम. अडलेला पूल परवडतो. बसला आहे असे चुकून समजलेला पूल परवडत नाही.

हा भाग आणून बसवणे हेही सोपे नव्हते. तो किनाऱ्याकडे जोडून, आधी बसवलेल्या पुलावरून हळूहळू सरकवत नेला. वाटेत पुलाला थोडे वळण आहे, आणि सरळ सांगाडा वळणावरून नेताना त्याची दोन टोके दोन दिशांना जाऊ पाहतात. २०२४मधले कित्येक महिने या कामात गेले.

या समुद्राशी घाई करून चालत नाही, हे तिथे सगळ्यांना माहीत आहे. डिसेंबर १९६४च्या वादळात धनुष्कोडीजवळ एक सबंध पॅसेंजर गाडी माणसांसह समुद्रात गेली. जुन्या पुलाचे बहुतेक गर्डर वाहून गेले, उघडणारा मधला भाग तेवढा टिकला. तेव्हा तरुण असलेल्या ई. श्रीधरन यांनी तो पूल ४६ दिवसांत पुन्हा उभा केला. समुद्रात पडलेले गर्डरही शोधून काढून परत बसवले. पुढे हेच श्रीधरन आपल्या कोकण रेल्वेचे प्रमुख झाले.

रामेश्वरला गेलात, तर पुलाच्या मध्यावर जरा कान द्या. उचलत्या भागावर गाडीचा वेग कमी ठेवतात. चाके सांध्यावरून जाताना मोठा दणका ऐकू आला नाही, तर समजा, तो भाग पुन्हा त्याच जागी बसला आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)